बोलक्या पाटीनं नेलेला आवाज

तिसरीच्या बाईंना सगळं गाव सावकाशबाई म्हणतं. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागं सावकाशबाई. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचं अंतर असतं. गावानं बाईंना नाव ठेवलं, नावं कधी ठेवली नाहीत.

बाई चालतात सावकाश, जेवतात सावकाश. फळ्यावर अक्षर काढतात तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, अक्षर खडूच्या पोटातून आपलं आपण उमलतंय आणि बाईंचा हात त्याला नुसता आधार देतोय. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. भिंग डोळ्याला लावून बसलेल्या त्या माणसाच्या शेजारी बाईंचं लहानपण गेलं. वडील म्हणायचे, “पोरी, धावणारं घड्याळ दुरुस्तीला येतं. चालणारं आपल्या घरी राहतं.”

बाईंचा वर्ग म्हणजे एक लांबट खोली. दाराला पत्रा, खिडक्यांना गज, आणि खिडक्यांपलीकडं लाकडाची वखार. वखारीतली करवत सुरू झाली की वर्गात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. मग वाचणारं मूल बोट ओळीवर ठेवून थांबतं, ऐकणारी थांबतात, बाईही थांबतात. करवत गप्प झाली की बोट पुढं सरकतं. त्या वर्गाला थांबण्याची सवय अशी लाकडाच्या भुश्यासारखी अंगावर बसलेली होती.

बाईंची शिकवण्याची एक रीत होती. मुलाला प्रश्न विचारायचा, आणि लगेच चष्मा काढून रुमालानं पुसायला घ्यायचा. त्या काचा कधी मळलेल्या कुणी पाहिल्या नाहीत, तरी त्या दिवसभर पुसल्या जायच्या. एका नव्या मास्तरीणबाईंनी एकदा विचारलं, “बाई, चष्म्याला काही झालंय का?”

“चष्म्याला काय होतंय! उत्तर मांजरासारखं असतं. टक लावून बघत बसलं की येत नाही. आपण दुसरीकडं बघावं, ते येतं पायाशी.”

असं सगळं सावकाश चाललेलं असताना शाळेत पाट्या आल्या. खोके भरून आल्या. खोक्यातल्या थर्माकोलवर मुलांनी झडप घातली आणि काळ्या चकचकीत काचेच्या पाट्या टेबलावर रांगेनं मांडल्या गेल्या. मोठी माणसं त्यांना टॅब म्हणत. मुलांनी नाव ठेवलं बोलकी पाटी.

पाटीचं काम नामी होतं. काचेवर धडा उमटायचा. मुलानं मोठ्यानं वाचायचं, पाटीनं ऐकायचं. शब्द बरोबर आला की हिरवा, चुकला की लाल. आणि मूल एखाद्या शब्दावर फार वेळ अडलं, की आतून एका बाईचा साखरेच्या पाकासारखा आवाज यायचा, “वेळ संपली.” आणि पाटी पुढच्या शब्दावर जायची.

खोटं कशाला बोलावं, बाईंना पाटी आवडली. वर्गात मुलं पुष्कळ. एकेकाचं वाचन ऐकायचं म्हटलं तर पहिल्याची पाळी परत येईपर्यंत तो आधीचं विसरलेला असायचा. आता सगळी मुलं कोपऱ्याकोपऱ्यात बसून वाचायची आणि कोण कुठं अडलं ते संध्याकाळी बाईंना एका जागी दिसायचं. मागच्या बाकावरचा एक दांडगा गडी, जो पुस्तकाकडं सासऱ्याकडं बघावं तसा बघायचा, तो हिरवे शब्द जमवण्याच्या नादात पानंच्या पानं वाचायला लागला. त्याची आजी शाळेत येऊन सांगून गेली, “बाई, आता तो साबणाच्या वडीवरचं पण वाचतो. आंघोळ तेवढी करत नाही.”

पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली होती. तिच्याकडं तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. पाटी सुरू करताना एक लांबलचक मजकूर आला होता, बारीक अक्षरांचा. त्याच्या तळाशी एक चौकोन, आणि चौकोनापुढं लिहिलेलं, ‘पालकांची परवानगी घेतली आहे.’ चौकोनात खूण केल्याशिवाय पाटी हलेना. वर्गात गलका, दारात हेडमास्तर, हेडमास्तरांच्या मागं पाहुणे. बाईंनी खूण केली. एकेका मुलाच्या नावापुढं, सगळ्यांच्या. जन्मभर चाललेल्या बाई तेवढ्या एकदा धावल्या.

आणि मग ‘वेळ संपली’ गावभर झालं.

मुलांच्या तोंडी एखादा शब्द बसला की तो गोचिडासारखा बसतो. नळावर बादली भरेपर्यंत मागचा ओरडायचा, “वेळ संपली!” संडासाच्या दाराबाहेर भाऊ उभा राहून ओरडायचा, “वेळ संपली!” केशकर्तनालयात खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाला बाकावरची पोरं तेच ऐकवायची. एका घरी आजोबा बशीतून सावकाश चहा पीत बसले होते. नातू समोर येऊन गोड आवाजात म्हणाला, “आजोबा, वेळ संपली!”

आजोबांच्या हातातली बशी हिंदकळली. “अरे गाढवा, हळू बोल! वर ऐकू गेलं तर खरंच बोलावणं येईल!”

गाव हसलं. बाईही हसल्या.

त्याच वर्गात इस्त्रीवालीची मुलगी होती. घरात सगळ्यांत लहान म्हणून तिला बारकी म्हणत, आणि शाळेतही तेच नाव चिकटलं होतं. बारकीला वाचता उत्तम यायचं. डोळे ओळीच्या पुढं पळायचे. पण काही शब्दांच्या दाराशी तिचा आवाज अडायचा. ‘प’ आला की ओठ मिटायचे ते मिटायचेच. शब्द आत तयार असायचा, चपला घालून उंबऱ्यावर उभा असायचा, पण दार उघडायचं नाही. पाट्या येण्याआधी बाई अशा वेळी चष्मा पुसायच्या, वखारीतली करवत चालायची, आणि मग केव्हातरी दार उघडायचं आणि शब्द बाहेर यायचा. वर्गाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. करवतीसाठी थांबायचं तसं बारकीसाठी थांबायचं.

पाटीला चष्मा नव्हता. बारकी ‘पाखरू’पाशी अडली की पाटी म्हणायची, “वेळ संपली.” ‘पायरी’पाशी अडली, “वेळ संपली.” शब्द लाल. संध्याकाळी बाईंच्या यादीत बारकीच्या नावापुढं यायचं, वाचता येत नाही. बाईंना ते खटकायचं. वाचता येतं हे त्यांना ठाऊक होतं. पण उद्या बघू, परवा बघू, असं होत राहिलं. मधल्या सुट्टीत मुलं बारकीभोवती फेर धरून “वेळ संपली, वेळ संपली” म्हणायची, आणि सुरुवातीला तर बारकीही त्यांच्यासोबत हसायची.

मग एका रविवारी तिची मामेबहीण घरी आली. ती पुलापलीकडच्या शाळेत शिकायची. जेवता जेवता ती सहज म्हणाली, “आत्या, आमच्या शाळेत बारकीचा आवाज लावला होता.”

“कसला आवाज?”

“पाटीवाले सर आले होते ना, पाटी शिकवायला. अडणारं मूल पाटी कसं ओळखते ते त्यांनी दाखवलं. नाव नाही सांगितलं. पण मी ओळखलं. प… प… प… करत होती. मग पाटी म्हणाली, वेळ संपली. सगळी पोरं हसली.” आणि जरा थांबून, ताटात बघत, “मी नाही हसले.”

बारकीनं हातातला घास खाली ठेवला.

सोमवारी ती शाळेत आली, जागेवर बसली, पाटी हातात घेतली आणि उघडलीच नाही. हजेरीला नुसता हात वर. प्रश्न विचारला की मान हलवायची. बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. करवत थांबली, सगळा वर्ग वाट बघत बसला, पण उंबऱ्यावर आता कुणी उभंच नव्हतं.  अडणं त्यांना कळत होतं. हे अडणं नव्हतं. मुलीनं दाराला आतून कडी घातली होती.

काही दिवस असेच गेले. मग बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन इस्त्रीच्या टपरीवर गेल्या. इस्त्रीवाली शर्टाची कॉलर दाबत होती. तिनं वर बघितलं नाही.

“कपडे द्यायला आलात का बोलायला?”

“दोन्ही.”

“मग आधी बोला. कपडे नंतर. आत्ता माझं डोकं इस्त्रीपेक्षा तापलंय, काहीतरी जाळून ठेवीन.”

बाईंनी विचारलं, बारकी बोलत का नाही. तेव्हा इस्त्रीवालीनं रविवारची गोष्ट सांगितली. सांगताना तिचा हात चालूच होता.

“घरात ती अडते तर आम्ही कुणी तिच्या तोंडातला शब्द पुरा करत नाही. तिचा बाप करत नाही, शेजारी करत नाहीत. आणि तिचं अडणं पुलापलीकडं वाजलं! तमाशासारखं! मला कुणी विचारलं? बाई, दुसरं कुणी असतं ना, तर मी शाळेत येऊन भांडले असते, पार छप्पर उडवलं असतं. पण तुम्ही होतात. म्हणून गप्प बसले. आणि म्हणूनच जास्त लागलं.”

बाई गाठोडं मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. म्हणाल्या, “विचारायचं काम माझं होतं. पाटीनं मुलांचा आवाज साठवायचा, त्याला तुम्हाला विचारलं अशी खूण पाटीवर मीच केली. विचारलं नव्हतं.”

इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवली. 

“मग तिचा आवाज परत आणा,” ती म्हणाली. “कुठं ठेवलाय, कुणाकडं ठेवलाय, मला काय कळतंय? तुम्ही दिलात, तुम्हीच आणा.”

घरी बाईंनी नवऱ्याला सांगितलं. नवरा बसकंडक्टर, तोंडाचा फटकळ.

“अगं, त्या पाटीला काय कळतंय! यंत्र ते!”

“यंत्राला नाही कळत. मला कळत होतं. तरी मी त्याचं ऐकत बसले.”

“मग आता माझं ऐकून घे. मी घंटी दिली की गाडी सुटते, हा नियम. पण पायरीवर म्हातारी असली आणि मी घंटी दिली, तर लोक गाडीला मारतील का मला?”

“तुम्हाला.”

“आणि बरोबर करतील. जा, उद्या मार खाऊन ये.”

दुसऱ्या दिवशी बाई हेडमास्तरांपुढं उभ्या राहिल्या. हेडमास्तर वाईट नव्हते, घाबरट होते. “बाई, कशाला उकरून काढता? पाट्या वरून आल्यात.”

“वरून तर पाऊसही येतो सर. म्हणून कुणी छत्री उघडायची नाही का?”

“आणि त्यांनी पाट्या परत नेल्या तर? तो दांडगा आता वाचायला लागलाय, त्याचं काय?”

हा प्रश्न खरा होता. बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, “पाट्या जाऊ नयेत असंच मलाही वाटतं. पण एकाला बोलतं करायला दुसरीला मुकी करायची, असली शाळा मला चालवता येणार नाही. मी पाटीवाल्यांना भेटून येते. तुम्ही फक्त नाही म्हणू नका.”

हेडमास्तरांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

पाटीवाल्या सरांची कचेरी झेरॉक्सच्या दुकानावर, माडीवर होती. खोक्यांच्या ढिगाऱ्यात एक तरुण बसलेला, कानामागं पेन, समोर थंड झालेला चहा. बाईंना बघून तो उठला, खोकं झटकून त्यांना बसायला दिलं. बाईंनी सगळं सांगितलं.

“पण मॅडम, मी नाव काढून टाकलं होतं,” तो म्हणाला. “मुलीचं नाव, शाळेचं नाव, काहीच ठेवलं नव्हतं.”

“तुम्ही घरी गेलात, दार वाजवलंत, आतून आई विचारते, कोण? तुम्ही काय म्हणता?”

“मी.”

“आणि आई दार उघडते. त्या ‘मी’मध्ये तुमचं नाव कुठं होतं?”

पोरगा गोरामोरा झाला. कानामागचं पेन काढून त्यानं टेबलावर ठेवलं, मग पुन्हा कानामागं अडकवलं. तो म्हणाला, “माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, अशा मुलांना मदत कशी करायची ते दाखवतोय.” त्यानं बाईंच्या देखतच त्याच्याजवळचा तो आवाज पुसला. कंपनीच्या मोठ्या कपाटातलाही पुसला जाईल, पण त्यासाठी आईची सही लागेल, असं सांगितलं. तो कागद देताना ओशाळून हसला. “पुसायला सही लागते मॅडम. आवाज भरताना नुसती खूण चालते.”

उठता उठता बाईंनी विचारलं, “आणि ते वेळ संपली म्हणणं… थोडं लांबवता येत नाही का हो?”

“येतं की.”

“म्हणजे?”

“लांबवता येतं, बंद पण करता येतं. शिक्षकांच्या हातात आहे ते. हे बघा, इथं.” त्यानं काचेवर दोनदा बोट टेकवलं.

बाई बघत राहिल्या. “मग हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?”

“कुणी विचारलं नाही मॅडम. मला वाटलं, तुम्हाला तसंच हवंय.”

“आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला तसंच हवंय.”

खाली झेरॉक्सचं यंत्र खटखटत होतं. बाईंनी सहीच्या कागदाची घडी घालून ती पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात एक पाटी उंच धरली आणि म्हणाल्या, “आज मी वाचणार. पाटी मला तपासेल. तुम्ही बघा.” त्यांनी आपल्या चालीनं धडा वाचायला घेतला. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. तिसऱ्या शब्दाआधी त्यांनी सवयीनं चष्मा काढला, आणि पाटी गोड आवाजात म्हणाली, “वेळ संपली.”

 मग दांडगा ओरडला, “बाई नापास!” आणि सगळा वर्ग बाकावर हात आपटून हसला. बाई पुढं वाचत गेल्या आणि शब्द लाल होत गेले. शेवटी पाटीवर उमटलं, वाचता येत नाही.

“बाई, पाटी खोटं बोलते!” पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. “तुम्हाला येतं वाचता.”

“खोटं बोलत नाही गं. तिला थांबता येत नाही, एवढंच. थांबणं तिला कुणी शिकवलं नाही. मी पण नाही शिकवलं.” बाईंनी पाटी मुलांकडं फिरवली, दोनदा बोट टेकवलं आणि ते बोलणं सगळ्यांच्या देखत बंद केलं. एकेकाला पुढं बोलावून त्याच्या त्याच्या पाटीवरचंही बंद करायला लावलं. बारकी शेवटी उठली. तिनं बोट टेकवलं, टेकवताना दात ओठांवर होते. बोलली काही नाही.

शनिवारी बाईंनी आईबापांना बोलावलं आणि टेबलाशेजारी उभ्या राहून सांगितलं, “तुमची मुलं वाचतात ते ही पाटी साठवून ठेवते. तुम्हाला विचारल्याची खूण मी केली होती. ती खोटी होती. आता खरं विचारते. ज्यांना नको, त्यांचं मूल माझ्याजवळ बसून वाचेल. त्यात त्याचं काही कमी होणार नाही.”

कुजबूज झाली. एकजण तावातावानं उठला, “मग इतके दिवस काय झोपला होतात?” बाई म्हणाल्या, “हो.”  तो खाली बसला. कुणी हो म्हटलं, कुणी नको. दांडग्याच्या आजीनं विचारलं, “आवाज न साठवता नुसतं ऐकेल का ती पाटी? माणूस ऐकतं आणि विसरतं तसं?” बाईंनी ते पाटीवाल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, वरच्यांना विचारून सांगतो. वरून पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं, आणि हो आलं. पण ते पुढं.

त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, वर्गात तिघी उरल्या. बाई, इस्त्रीवाली आणि बारकी. वखार बंद झाली होती. कागदावर सही झाली. शाळेच्या पाटीवरचा आवाज पुसायचा राहिला होता. बाईंनी पाटी बारकीपुढं ठेवली.

“हा तुझा आवाज. पुसायचा की नाही, तू सांग. आधी ऐकायचा असेल तर ऐक. नसेल ऐकायचा तर नको.”

बारकीनं आईकडं बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती. कुणी शिकवलं नसताना तिलाही ती रीत ठाऊक होती. बारकीनं स्वतःच बोट टेकवलं.

खोलीत तिचाच आवाज उमटला. “झाडावर एक प… प…” मग ओठ मिटल्याची शांतता. मग तो पाकासारखा आवाज, “वेळ संपली.” मागं कुणाचं तरी हसू. इस्त्रीवालीनं खिडकीचा गज घट्ट धरला. बाईंना वाटलं, आता पुरे, बंद करावं. तेवढ्यात पाटीतून, अगदी हळू, हसण्याच्या खालून, आणखी एक आवाज आला.

“…पाखरू.”

तिघींनी एकमेकींकडं बघितलं. बारकीनं पुन्हा लावलं. वेळ संपली. हसू. आणि मग, “पाखरू.” तिनं शब्द पुरा केला होता. पाटी पुढं निघून गेली होती, वर्ग हसण्यात होता, ऐकायला कुणी नव्हतं, तरी पोरीनं आपला शब्द उंबऱ्यावरून आत नेला नव्हता. बाहेर काढूनच ती गप्प झाली होती. बाईंनी दुसरा आवाज लावला, तिसरा लावला. ‘पायरी’ होती. ‘पाणी’ होतं. सगळे शब्द होते, वेळ संपल्यानंतरचे.

 चष्मा पुसायला बाईंनी काढला आणि या वेळी तो खरंच पुसावा लागला.

“ठेवायचा का गं?” इस्त्रीवालीनं विचारलं. “चांगलं वाचलंस की.”

बारकीनं नको म्हणून मान हलवली, आणि बोट टेकवून सगळं पुसलं. एकेक करून. मग कितीतरी दिवसांनी त्या खोलीत तिचं तोंड उघडलं.

“बाई, प… प… पुलापलीकडच्या पोरांनी ऐकलं, ते कसं प… पुसायचं?”

 पाटीतलं पुसता येतं. कानातलं कसं पुसणार? बाई म्हणाल्या, “नाही पुसता येत. मी जाऊन त्यांची माफी मागते. त्यांना सांगते की ते चुकीचं होतं.”

“तुम्ही नको.” बारकी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा भुसा गोळा करत राहिली. “मी जाते. व… वाचते. दुसरं काहीतरी. पुरं.”

“अगं, पोरं पुन्हा हसली तर?” आईनं विचारलं.

“हसू देत. शब्द झाल्यावर हसतील.”

इस्त्रीवालीला ते मुळीच पटलं नाही. रात्री नवराबायकोत त्यावरून वादही झाला म्हणतात. पण पुढच्या आठवड्यात बाई, बारकी आणि तिची आई पूल ओलांडून गेल्या. पाटीवाले सरही तिथं आले होते, कुणी न बोलावता. त्यांनी वर्गापुढं उभं राहून सांगितलं की त्या दिवशी त्यांनी एका मुलीचा आवाज तिला न विचारता लावला, आणि ते त्यांचं चुकलं. सांगताना तेही अडखळले. मग ते भिंतीला टेकून उभे राहिले.

बारकीनं पुस्तक उघडलं. बाजारात हरवलेल्या एका शेळीचा धडा होता. तिसऱ्या ओळीत ती अडली. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. त्या वर्गाच्या मास्तरांनी शब्द सुचवायला तोंड उघडलं, तेव्हा बाईंनी त्यांच्या मनगटावर हळूच हात ठेवला. मामेबहीण दुसऱ्या बाकावर दोन्ही मुठी आवळून बसली होती. बारकीचे ओठ मिटलेले, गाल ताठ, डोळे पुस्तकावर. बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग शब्द आला. पुढची ओळ आली. ती पुन्हा अडली, पुन्हा चालू लागली, आणि खुसखुस केव्हा थांबली ते कुणाला कळलंही नाही, कारण शेळी आता कसायाच्या दुकानाजवळ पोचली होती आणि तिचं दावं तुटलेलं होतं.

धडा संपला. पुस्तकातले धडे असतात तसाच, भलत्याच जागी संपला. बारकीनं पुस्तक मिटलं. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

“ए,” मघाशी खुसखुसलेला मुलगाच मागच्या बाकावरून म्हणाला, “पण मग शेळी सापडली का नाही?”

बारकीनं त्याच्याकडं बघितलं. “ध… धड्यात नाहीये ते.”

“मग?”

“मला म… माहीत आहे.” तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि टेबलाला पाठ टेकवली. “ती कसायाच्या दुकानात गेलीच नाही. तिथं एक म्हातारी भा… भाजी विकत होती, तिच्या टोपलीत तोंड घातलं तिनं—”

“मग म्हातारीनं बडवली असेल!”

“थांब ना! सांगतेय ना मी!” बारकी त्याच्यावर डाफरली, आणि गोष्ट पुढं सांगू लागली.